तिबिलिसीला येताय? या, पण बसमधून खाली उतरा

शाळामास्तरीण

नमस्कार मंडळी. मी मूळची कऱ्हाडची. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत गणित शिकवते. आता बऱ्यापैकी इथलीच झाले आहे. वर्गातली पोरं 'मास, मास' अशी हाक मारतात. शिक्षकाला इथं म्हणतात मास्त्सावलेबेली, त्याचं हे लाडकं आखूड रूप. नव्या येणाऱ्याला मात्र मी मास खाणारी असल्याचा संशय येतो.

२०२३ मध्ये दिल्लीहून थेट विमान सुरू झालं, आणि तेव्हापासून जुन्या गावात फिरताना 'अहो, पाण्याची बाटली कुणाकडंय?' असं मागून ऐकू येणं नेहमीचं झालं. बरं वाटतं. मी थांबून बोलते. मग गाईड छत्री वर करतो आणि मंडळी पळतात. काचेच्या शांतता पुलावर फोटो, रोपवेने वर जाऊन फोटो, खाली उतरून भारतीय रेस्टॉरंटात पनीर, दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगरातलं काझबेगी, तिसऱ्या दिवशी गोरीत स्टालिनचं घर, की लगेच समुद्रकाठचं बातुमी. तिबिलिसीच्या वाट्याला दोन-अडीच तास येतात. हे शहर बसच्या खिडकीतून दिसत नाही हो. ते जिन्यांत आणि अंगणांत आहे.

तेव्हा माझं आमंत्रण असं. निदान दोन दिवस या गावाला द्या, आणि त्यातली एक सकाळ पायी.

तवीसुप्लेबिस मोएदानी, म्हणजे स्वातंत्र्य चौक, इथं मेट्रोतून वर या. मधल्या खांबावर सोन्याचा मुलामा दिलेला सेंट जॉर्ज आहे. सोव्हिएत काळात याच चौकात लेनिन उभा होता, त्याला १९९१ मध्ये उतरवला. त्याही आधी, जून १९०७ मध्ये, बोल्शेविकांनी बाँब टाकून बँकेची घोडागाडी लुटली ती इथंच. त्या कटात तरुण स्टालिनचा हात होता. गोरीपर्यंत जाऊन त्याचं घर बघण्यापेक्षा मला हा चौक जास्त बोलका वाटतो, पण ते जाऊ दे.

चौकाच्या मागे सोलोलाकी. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची घरं. बाहेरून पोपडे उडालेले, पण दार उघडं दिसलं की डोकावा. आत रंगवलेली छतं, वळणदार लोखंडी कठडे आणि कुणाचीतरी सायकल. कुणी बाहेर आलं तर 'गामारजोबा' (नमस्कार) म्हणा आणि हसा, बहुतेक वेळा तेच आत बोलावून दाखवतात. इथल्या सामायिक अंगणाला 'इटालियन अंगण' म्हणतात. चहूबाजूंनी लाकडी गॅलऱ्या, मध्ये नळ, वर वाळत घातलेले कपडे, द्राक्षाचा मांडव. पुण्या-मुंबईत चाळीत राहिलेल्यांना आणखी सांगायला नको.

तिथून बेतलेमीच्या पायऱ्या चढा. वर चर्चजवळ श्वास घ्या आणि आजूबाजूला आतेशगाह विचारा. विटांची एक चौकोनी, साधी इमारत. हे जरथुष्ट्री अग्निमंदिर होतं, पुढे त्याची मशीद झाली. गाइडेड टूर इथं येत नाही, कारण बस चढत नाही. मग नारिकाला किल्ल्याच्या अंगाने पुढे (डागडुजीचं काम निघतं, आत सोडतीलच असं नाही), कार्तलीस देदाच्या पुतळ्यापाशी. ही जॉर्जियाची आई १९५८ पासून डोंगरावर उभी आहे. एका हातात वाइनचा वाडगा आलेल्यासाठी, दुसऱ्यात तलवार, ती कुणासाठी हे सांगायला नको. उतरून आबानोतुबानीत, गंधकाच्या गरम पाण्याच्या हमामांपाशी. तिथं विटांचे घुमट जमिनीतून वर आलेले दिसतात. शेजारी जुमा मशीद, जिथं शिया आणि सुन्नी एकत्र नमाज पढतात. चालत थोड्याच अंतरावर सिनेगॉग, आर्मेनियन चर्च आणि नदीपलीकडे कड्यावर मेतेखीचं चर्च.

शाळा नसेल त्या शनिवारी सकाळी मी या वाटेवर सोबत करते. फी नाही. गाईडचा परवानाही नाही, तेव्हा ऐतिहासिक वाद घालायचे तर घाला. काही विचारायचं असेल तर इथंच विचारा, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

---

नीलाक्षी

वाचनखूण साठवली आहे! बाई, एकच भीती. आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. टूरवाले म्हणाले, 'तिकडं नुसतं मांस आणि चीज, भारतीय रेस्टॉरंटशिवाय पर्याय नाही.' ठेपल्यांची बॅग भरू का?

---

शाळामास्तरीण

नीलाक्षी, ठेपले आणा, पण मला द्यायला.

टूरवाले चुकीचं सांगतात, कारण त्यांना चाळीस माणसं एकाच टेबलावर बसवायची असतात. इथले लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांचे उपास कडक असतात. ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी (इथला नाताळ ७ जानेवारीला), १४ ते २७ ऑगस्ट, शिवाय वर्षभर बहुतेक बुधवार आणि शुक्रवार. उपास म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध-चीज-लोणीसुद्धा नाही. सगळेच पाळतात असं नाही, पण हॉटेलांना पदार्थ ठेवावेच लागतात. म्हणून इथं 'व्हेज आहे का' विचारू नका. 'सामार्खवो' विचारा. उपासाचं म्हणजे सामार्खवो. वाढपी लगेच पान उलटून दाखवतो. 'व्हेज' म्हटलं तर चिकनचं सूप पुढे येऊ शकतं.

काय मागवायचं: लोबियो, म्हणजे राजम्यासारख्या घेवड्याची दाटसर आमटी, मातीच्या भांड्यात रटरटत येते. तिच्याबरोबर म्चादी, आपल्या मक्याच्या भाकरीची जाड बहीण. बद्रीजानी निग्वझित, म्हणजे तळलेल्या वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळलेलं, वर डाळिंबाचे दाणे. प्खाली, म्हणजे पालक किंवा बिटाचा पाला उकडून, अक्रोडात मळून केलेले गोळे. आजापसंदाली, वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची भाजी. जोंजोली हे कळ्यांचं लोणचं. खिंकालीत, म्हणजे मोदकासारख्या उकडलेल्या पुरचुंड्यांत, मशरूमची (सोको) आणि बटाट्याची (कार्तोपिली) मिळते. नुसतं 'खिंकाली' म्हटलं तर आत खिमा असतो. देठ धरून खा आणि देठ ताटात ठेवून द्या, तो खात नाहीत.

फसायच्या जागा दोन. लोबियानी ही घेवड्याचं सारण भरलेली रोटी शाकाहारी, पण 'राचुली' लोबियानीत डुकराचं मांस असतं. दुसरी खाचापुरी, म्हणजे चीजची रोटी. आजारुलीवर तर अंड्याचा बलक उघड दिसतो, पण इतर प्रकारांतही पिठात किंवा चीजमध्ये अंडं घातलेलं असू शकतं. 'क्वेर्त्सखिस गारेशे' म्हणजे अंड्याशिवाय, 'खोर्त्सिस गारेशे' म्हणजे मांसाशिवाय. फोनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा, उच्चाराच्या नादी लागू नका.

सासूबाईंचं मात्र अवघड आहे. अक्रोडाच्या वाटणात लसूण असतोच. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराची सोय असलेलं घर भाड्याने घ्या. डेझर्टेर बाजार (रेल्वे स्टेशनजवळ) तुम्हाला खुळावेल. कोथिंबिरीच्या जुड्या, तांबडे टोमॅटो, ताजं चीज, तळघरातल्या भट्टीतली गरम रोटी. भट्टीला 'तोने' म्हणतात आणि रोटी आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात. मसाल्याच्या बाईकडे वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड मिळते. इथं ती स्वयंपाकात घालतात, रंगाला आणि वासाला. आपण दसऱ्याला दाराला लावतो तोच झेंडू. माझ्या आईला दाखवली तर तिने आधी देवाला वाहिली.

---

खवय्या_खुशाल

सामार्खवो! ही माहिती कुठल्याच व्हिडिओत नाही. सलाम.

चुर्चखेला राहिलं की. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, द्राक्षाच्या रसात पीठ शिजवून त्यात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेले. दुकानाबाहेर मेणबत्त्यांसारखे टांगलेले असतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी ते सॉसेज समजून चार दिवस तोंड फिरवलं होतं.

---

भटक्या_सातारा

लेख छान, पण बसला एवढी नावं ठेवू नका. आई-बाबा सत्तरीपार, वडिलांचे गुडघे बदललेले. त्यांना पायऱ्या कोण चढवणार? त्यांची आयुष्यात पहिली परदेशवारी होती, गाईड हिंदी बोलणारा होता, वेळेवर चहा होता. 'जिन्यांतलं शहर' हे तरुण पायांचं कौतुक आहे.

---

शाळामास्तरीण

भटक्या, मान्य. गुडघ्यांना ही वाट नाहीच. बेतलेमीच्या पायऱ्या तर चांगल्या पायांनाही जाणवतात, आणि खालच्या गल्ल्यांतला दगडी रस्ता चाकाच्या खुर्चीला फार त्रास देतो.

पण त्यावर उत्तर बस हेच एक नाही. ज्येष्ठांना मी वेगळं नेते. रिके बागेतून रोपवे घेतला की थेट कार्तलीस देदाजवळ. सगळं शहर खाली, म्त्क्वारी नदीचं वळण समोर, एकही पायरी न चढता. दुसऱ्या दिवशी म्तात्समिंदा डोंगराची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, १९०५ मध्ये सुरू झालेली. मधल्या थांब्यावर उतरलं की पँथिऑन, लेखक-कवींची दफनभूमी. इलिया चावचावाद्झे, वाझा-प्शावेला इथं आहेत. तेहरानमध्ये मारला गेलेला रशियन नाटककार ग्रिबोयेदोव इथंच, आणि स्टालिनची आईही. आमच्या शाळेची सहल दर वर्षी इथं येते. मुलं आपापल्या पुस्तकातल्या कवीच्या नावापुढे उभी राहून कविता म्हणतात आणि मागे उभे असलेले आजोबा चुकलेला शब्द दुरुस्त करतात.

मेट्रो मात्र ज्येष्ठांना जपून दाखवा. १९६६ ची, खोल खणलेली. सरकते जिने लांबलचक आणि आपल्याकडच्यापेक्षा वेगात. तिकीट एकच, कुठूनही कुठं जा. इथलं चलन लारी, एक लारी म्हणजे आपले तीस रुपये आणि वर थोडे, रोजचा भाव बघा.

---

भटक्या_सातारा

फ्युनिक्युलर आमच्या कार्यक्रमात नव्हती. 'ऐच्छिक, वेगळे पैसे' होती. आता कळलं काय गेलं. असो, आईला काझबेगी इतकं आवडलं की ती अजून त्याच गप्पा मारते.

---

गोंयकार_जुना

काय योगायोग, तिबिलिसीवर धागा निघाला. गोव्याचा एक धागा जोडतो.

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनचा मनोरा आहे ना, अर्धा पडलेला, लाल जांभ्या दगडाचा? त्या अवशेषांत जॉर्जियाची राणी होती. केतेवान, जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला धर्म सोडायला सांगितलं, तिने नकार दिला, १६२४ मध्ये शिराझला हाल करून मारली. तिथं असलेल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष उचलले आणि १६२७ मध्ये गोव्याच्या आपल्या मठात आणून ठेवले. पुढे मठ ओस पडला, छत कोसळलं, सगळं मातीखाली. जॉर्जियन लोक सोव्हिएत काळापासून शोध घेत होते. शेवटी या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने डीएनए तपासून २०१३ मध्ये सांगितलं की हा वंश आपल्याकडचा नाही, जॉर्जियाशी जुळतो. २०१७ मध्ये अवशेष दर्शनासाठी तिकडे नेले होते आणि २०२१ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन एक भाग कायमचा सोपवला.

आम्ही लहानपणी त्या मनोऱ्याखाली क्रिकेट खेळायचो. खाली राणी आहे याचा कुणाला पत्ता?

---

शाळामास्तरीण

गोंयकार, हे मी टाकणारच होते, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं टाकलंत.

इकडून सांगते. २०२१ ला अवशेष आले तेव्हा इथल्या प्रत्येक बातमीत 'गोवा' होतं. त्यानंतर टॅक्सीवाल्याने 'कुठल्या?' विचारलं आणि मी 'भारत, गोव्याच्या शेजारच्या राज्यातली' म्हटलं, की काही जण आरशातून वळून बघतात आणि 'केतेवान देदोपाली' म्हणतात. देदोपाली म्हणजे राणी. एका आजीने छातीवर क्रूस काढून माझा हात दाबला होता, जसं काही मीच खोदकाम केलं. गोव्याहून येणाऱ्यांनी हे जरूर सांगावं. इथं तुमचं स्वागत वेगळं होईल.

---

नीलाक्षी

अंगावर काटा आला.

---

मुद्द्याचं_बोला

सगळं गोड गोड चाललंय. खरं सांगा, विमानतळावर भारतीयांना परत पाठवतात ना? सोशल मीडिया भरून वाहतोय. आणि टॅक्सीवाले लुटतात ते?

---

शाळामास्तरीण

परत पाठवल्याच्या, तासन्‌तास ताटकळत ठेवल्याच्या, फटकून वागवल्याच्या तक्रारी खऱ्या लोकांनी लिहिल्या आहेत, मी त्या झटकून टाकणार नाही. अधिकाऱ्याच्या मनात काय असतं ते मला माहीत नाही. हातात काय असावं तेवढं सांगू शकते. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन वगैरेंचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना असेल तर वेगळा व्हिसा नको, ९० दिवसांपर्यंत राहता येतं. नसेल तर ई-व्हिसा काढा. जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघाताचा विमा बंधनकारक आहे. परतीचं तिकीट, सगळ्या रात्रींचं राहण्याचं बुकिंग, विमा, खर्चाला पैसे असल्याचा कागद, हे सगळं छापून आणा, फोनवर भरवसा नको. नियम बदलतात म्हणून तिकीट काढण्याआधी जॉर्जियन सरकारचं संकेतस्थळ बघा, माझा प्रतिसाद नव्हे. आणि खिडकीशी विचारलं तर थोडक्यात उत्तर द्या. आपली मंडळी मामेभावाच्या लग्नापासून सुरुवात करतात.

टॅक्सी: बाहेर 'टॅक्सी, टॅक्सी' करत येणाऱ्यांकडे बघू नका. मीटर नसतो, भाडं चेहरा बघून ठरतं. ॲपवरून बोलवा. सामान थोडं असेल तर ३३७ नंबरची बस थेट गावात आणते. जाताना रस्त्याचं नाव वाचा, जॉर्ज डब्ल्यू. बुश मार्ग. आहे ते असं आहे.

---

डॉक्टर_होणार

ताई, मी इथं एमडी करतोय, नांदेडचा. आमच्या वाझा-प्शावेला मार्गावर वैद्यकीय विद्यापीठाजवळ इतकी भारतीय पोरं आहेत की किराणा दुकानात तूरडाळीची रांग लागते. येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

जुन्या सोव्हिएत इमारतींत लिफ्टला पैसे लागतात, आत डबा असतो, नाणं टाकल्याशिवाय हलत नाही. घर भाड्याने घेतलं असेल तर १० आणि २० तेत्रीची नाणी खिशात ठेवा. आठव्या मजल्यावर सूटकेस घेऊन चढलेले काका मी पाहिले आहेत.

आणि रस्त्यावरची मोठाली कुत्री बघून घाबरू नका. कानाला प्लास्टिकचा बिल्ला असेल तर लस दिलेलं, नसबंदी केलेलं. ती सिग्नलला माणसांबरोबर थांबतात. गाड्या थांबत नाहीत, म्हणून भुयारी मार्ग वापरा.

---

आईची_काळजी

@डॉक्टर_होणार, माझी मुलगी यंदा तिकडे पहिल्या वर्षाला आली आहे. थंडीचं काय? आम्ही जानेवारीत भेटायला येतोय.

---

डॉक्टर_होणार

काकू, गावात थंडी सोसवते, शून्याच्या आसपास, बर्फ कधीतरी पडतो आणि टिकत नाही. काळजी करायची ती हीटरची. गॅसवर चालणारा जुना हीटर असेल तर घरमालकाकडून धुरांडं तपासून घ्या आणि खिडकी थोडी उघडी ठेवायची सवय लावा. डिसेंबर २०२४ मध्ये गुदौरी या डोंगरातल्या गावात एका रेस्टॉरंटच्या वरच्या खोल्यांमध्ये झोपलेले अकरा भारतीय कार्बन मोनॉक्साइडने गेले. लाइट गेली म्हणून बंद जागेत जनरेटर लावला होता असं तेव्हा पोलिसांकडून सांगितलं गेलं. तिथं काम करणारी आपल्यासारखीच माणसं होती. वायू ओळखणारा अलार्म बाजारात मिळतो, मुलीच्या खोलीत तो लावाच.

---

शाळामास्तरीण

शाब्बास. हे शाळेतही सांगावं लागतं.

काकू, जानेवारीत याल तर काझबेगीचा हट्ट धरू नका. तो लष्करी रस्ता ज्वारी खिंडीतून, सुमारे २४०० मीटरवरून जातो. बर्फ पडलं की बंद, आणि उघडला की रशियाच्या सीमेकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग. त्याऐवजी मुलीला घेऊन म्त्सखेताला जा. दिदुबे स्थानकातून मार्शरुत्का (आपली वडाप समजा), २० किलोमीटर. जुनी राजधानी. अकराव्या शतकातलं स्वेतीत्स्खोवेली चर्च गावात आणि सहाव्या शतकातलं ज्वारी चर्च समोरच्या टेकडीवर, खाली दोन नद्यांचा संगम. चर्चमध्ये बायकांनी डोकं झाकायचं, ओढणी चालते. पुरुषांनी अर्धी चड्डी नको.

आणि हिवाळ्यात हमाम. नीळसर फरशांची देखणी इमारत दिसते तिच्यात किंवा शेजारच्या कुठल्याही घुमटाखाली खासगी खोली तासावर मिळते. सार्वजनिक विभाग बायका-पुरुषांचे वेगळे आणि पूर्ण विवस्त्र. ते ऐकून आपल्या मंडळींचा चेहरा पडतो, म्हणून खासगी सांगितलं. पाणी चाळिशीच्या आसपास, वास कुजक्या अंड्याचा. दहा मिनिटांत बाहेर या, रक्तदाबवाल्यांनी त्याहून आधी. खरखरीत हातमोजा घालून पाठ घासणारी बाई मागवा, नरक चतुर्दशीच्या उटण्याला ती लाजवेल.

---

मुद्द्याचं_बोला

आणि रोज रात्री संसदेसमोर आंदोलन चालतं ते? सुरक्षित आहे का?

---

शाळामास्तरीण

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी सरकारने युरोपीय संघात जाण्याची बोलणी लांबणीवर टाकली, तेव्हापासून रुस्तावेली मार्गावर लोक जमू लागले. याच रस्त्यावर ९ एप्रिल १९८९ ला सोव्हिएत सैन्य निदर्शकांवर चालून गेलं होतं. मेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. म्हणून इथल्या माणसांसाठी तो फरसबंद रस्ता नुसता खरेदीचा नाही. पाहुण्याने लांबून जावं, घोळक्यात शिरू नये, कुणाच्या चेहऱ्याचे फोटो काढू नयेत. दिवसा त्याच रस्त्यावर ऑपेरा आहे, पुस्तकांचे ठेले आहेत, निवांत फिरा.

जाता जाता एक. तरुण मुलांशी रशियनमध्ये सुरुवात करू नका, तुम्हाला येत असली तरी. २००८ च्या युद्धानंतर अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया रशियाच्या ताब्यात आहेत, देशाचा पाचवा हिस्सा. वयस्कांना रशियनच येते, ते स्वतःहून बोलतील. तुम्ही 'गामारजोबा' आणि 'मादलोबा' (धन्यवाद) एवढ्यावर भागवा, बाकी इंग्रजी.

---

खवय्या_खुशाल

बाजारात भाव कसा करायचा? आकडे काही डोक्यात शिरेनात.

---

शाळामास्तरीण

गणिताच्या बाईला हे विचारलंत म्हणजे आता ऐका. इथली मोजणी विसांची आहे. चाळीस म्हणजे दोन-वीस, साठ म्हणजे तीन-वीस, ऐंशी म्हणजे चार-वीस. पंच्याहत्तर म्हणजे तीन-वीस-आणि-पंधरा. आमची आजी बाजारात 'तीन विसा आन पाच' म्हणायची, शाळेने तिची मोजणी अडाणी ठरवली होती. इथं तीच विद्यापीठात चालते. वर्गात मी मुलांना दशमान शिकवते आणि मधल्या सुट्टीत कँटीनवाल्या बाई विसांत हिशेब सांगतात.

भावाचं म्हणाल तर भाजीबाजारात थोडी घासाघीस चालते. ड्राय ब्रिजच्या जुन्या बाजारात (सोव्हिएत पदकं, कॅमेरे, चिनी मातीची भांडी, कुणाच्यातरी आजोबांचे फोटो) भरपूर चालते. दुकानात नाही. कॅल्क्युलेटर पुढे करा आणि तुम्हीच आकडा टाका.

---

भटक्या_सातारा

बाई, सप्टेंबरअखेर पुन्हा येतोय. या वेळी मी आणि बायको दोघंच, बसशिवाय. आई म्हणते तू जा, मला काझबेगीचा फोटो पुरे. शनिवारी सोबत कराल?

---

शाळामास्तरीण

या की! सप्टेंबरअखेर म्हणजे काखेतीत द्राक्षांची तोडणी, 'र्त्वेली'. जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणात, क्वेव्रीत, रस ओततात. ती पद्धत २०१३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पिणारे नसाल तरी बघायला जा. पिणारे असाल तर टेबलावर 'तामादा' नेमतात, तो एकामागून एक भाषण देतो आणि प्रत्येक भाषणाला प्याला उचलायचा. चाचा नावाची घरगुती दारू पुढे आली तर 'मादलोबा' म्हणून ओठांना लावा आणि खाली ठेवा. पाहुण्याला आग्रह होतोच, कोल्हापूरकरांसारखा.

शनिवारी सकाळी नऊला स्वातंत्र्य चौक मेट्रोच्या तोंडाशी. बूट खरखरीत तळव्याचे घाला. नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटली रिकामी आणली तरी चालेल.

---

भटक्या_सातारा

पक्कं. काय आणू?

---

शाळामास्तरीण

तूरडाळ वाझा-प्शावेलावर मिळते, ती नको. गोडा मसाला पाव किलो, आमसुलं थोडी. आणि वर्गासाठी लाकडी मण्यांची पाटी मिळाली तर बघा, पूर्वी अंगणवाडीत असायची ती. पैसे इथं लारीत देईन.

---

नीलाक्षी

भटक्या, तुम्ही परत आलात की लिहा. आमचं मार्चचं तिकीट झालं. सासूबाईंनी स्वतःच 'सामार्खवो' पाठ केलंय, जपाला बसल्यासारखं म्हणत असतात.